बी. एफ. स्किनर : मोबाईल न बघताही आपला अंगठा ओळखणारा माणूस



वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करा. आज दिवसभरात तुम्ही फोन किती वेळा अनलॉक केला ते सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम या नावानं हा हिशेब मिळतो. आता त्यातल्या प्रत्येक वेळी फोन कशासाठी उचलला होता ते आठवून बघा. बऱ्याच वेळा काही कारणच सापडणार नाही. कॉल आला नव्हता, मेसेजही नव्हता. हात आपोआप खिशाकडे गेला होता.

हात असा आपोआप का जातो, याचं बरंचसं उत्तर एका माणसानं १९३० च्या दशकातच शोधून ठेवलं होतं. तेव्हा मोबाईल सोडाच, घरोघरी टीव्हीसुद्धा आला नव्हता. त्यांचं नाव बर्हस फ्रेडरिक स्किनर. मानसशास्त्राच्या पुस्तकात स्किनर बॉक्स म्हणून एक चित्र असतं, ते यांचंच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात युझर रोज परत यावा, जास्त वेळ थांबावा यावर तासन्‌तास मीटिंग होतात. त्या मीटिंगमध्ये स्किनरचं नाव कोणी घेत नाही, पण चर्चा त्यांच्याच शोधांची चाललेली असते. म्हणून हा माणूस नेमका कोण होता, हे आपण सगळ्यांनी एकदा नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

खटपट्या मुलगा

स्किनरचा जन्म २० मार्च १९०४ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सस्क्वेहॅना या छोट्या गावात झाला. गाव रेल्वेचं. वडील वकील होते. घरी त्याला फ्रेड म्हणायचे. हा मुलगा सतत काहीतरी ठोकाठोकी करत बसलेला असायचा. मित्राबरोबर तो एल्डरबेरी नावाची छोटी फळं तोडून घरोघर विकायचा. पिकलेली आणि कच्ची फळं हातानं निवडणं कंटाळवाणं, म्हणून त्यानं पाण्यावर फळं तरंगवून ती वेगळी करायची सोय तयार केली.

त्याची एक गंमत मला फार आवडते. रात्रीचे कपडे सकाळी खुंटीला अडकवायचे राहिले म्हणून आई रोज रागवायची. फ्रेडनं काय केलं, तर कपाटातल्या खुंटीला दोरी बांधली आणि ती पुलीवरून दारापर्यंत नेली. खुंटी रिकामी असेल तर कपडे अडकवण्याची आठवण देणारी पाटी दाराच्या मधोमध लटकायची. कपडे अडकवले की पाटी वर जायची आणि वाट मोकळी. रोजच्या वापरातलं हे त्याचं पहिलं नोटिफिकेशन म्हणा ना! त्यामागचा विचार लक्षात ठेवा, कारण तो त्याला आयुष्यभर पुरला. सवय बदलायची असेल तर स्वतःवर चिडू नका, आजूबाजूची रचना बदला.

लेखक व्हायचं होतं, पण...

गंमत म्हणजे त्याला शास्त्रज्ञ व्हायचंच नव्हतं. १९२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजमधून तो इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाला. त्यानं आपल्या कथा प्रसिद्ध कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांना पाठवल्या होत्या आणि त्यांच्याकडून उत्तेजनही मिळालं होतं. मग काय, आई-वडिलांच्या स्क्रँटनमधल्या घरी वरच्या मजल्यावर लिहायची खोली तयार झाली आणि तो कादंबरीकार व्हायला बसला.

वर्ष गेलं, हाती काहीच लागलं नाही. जहाजांची मॉडेल्स बनवायची, वाचत बसायचं, लिहायचं मात्र जवळपास काही नाही. त्या काळाला पुढे त्यांनी स्वतःच अंधारं वर्ष असं नाव दिलं. या दिवसांत बर्ट्रांड रसेल, जॉन वॉटसन आणि पावलोव्ह यांची पुस्तकं त्याच्या हाती पडली. माणसाच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधण्यापेक्षा तो काय करतो ते मोजावं, ही कल्पना त्याला पटली. १९२८ मध्ये तो हार्वर्डला मानसशास्त्र शिकायला गेला आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट घेतली.

खोकं आणि रेघ

हार्वर्डमध्ये स्किनर यांनी जे यंत्र बनवलं ते म्हणजे एक बंद खोकं. आत भुकेला उंदीर. भिंतीला एक दांडी. दांडी दाबली की खाण्याची छोटी गोळी बाहेर येते. सुरुवातीला उंदीर इकडेतिकडे हुंगत फिरतो, चुकून दांडी दाबली जाते, गोळी मिळते. थोड्या वेळात तो मुद्दाम दांडी दाबायला लागतो. ज्या कृतीनंतर काही चांगलं मिळतं ती कृती वाढते. या बक्षिसाला त्यांनी रीइन्फोर्समेंट म्हटलं. आपण त्याला बळकटी म्हणू.

पण खरी करामत खोक्यात नव्हती, ती बाहेरच्या कागदात होती. कागदाची गुंडाळी सावकाश सरकत राहायची आणि उंदरानं दांडी दाबली की पेन एक पायरी वर चढायचं. उंदीर भराभर दाबत असेल तर रेघ सरळ उभी चढायची, थांबला की सपाट व्हायची. म्हणजे सवय डोळ्यांना दिसायला लागली.

आमच्या ऑफिसात भिंतीवरच्या स्क्रीनवर युझरच्या क्लिकचा आलेख चालू असतो. रेघ वर गेली की टाळ्या, सपाट झाली की मीटिंग. मला ती रेघ बघताना हमखास हाच कागद आठवतो.

शनिवारची दुपार

आता येतो तो भाग ज्यामुळे तुमचा माझा फोन आज असा झालाय.

उंदरांच्या त्या गोळ्या बाजारात तयार मिळत नव्हत्या. स्किनर औषधाच्या गोळ्या पाडायच्या यंत्रावर त्या स्वतः पाडायचे. आठ उंदीर आणि प्रत्येकाला रोज शंभर गोळ्या! एका शनिवारी दुपारी त्यांनी साठा बघितला आणि हिशेब केला. संध्याकाळपर्यंत गोळ्या पाडत बसलो नाही तर सोमवारी सकाळी साडेदहाला माल संपणार. सुट्टीचा दिवस कोण वाया घालवणार? मग त्यांनी ठरवलं की प्रत्येक दाबाला गोळी द्यायचीच कशाला? मिनिटाला एकदाच देऊ.

अपेक्षा काय असेल? बक्षीस कमी केलं की उंदीर कंटाळेल. झालं उलटंच. उंदीर एका ठरावीक वेगानं दाबतच राहिले. एवढंच काय, रोज प्रत्येक दाबाला गोळी मिळणाऱ्या उंदराला ती अचानक बंद केली तर तो लवकर सोडून देतो. ज्याला कधी मिळते, कधी मिळत नाही, तो मात्र बंद झाल्यावरही कितीतरी वेळ दाबत राहतो. त्याच्या दृष्टीनं न मिळणं हे नेहमीचंच असतं, पुढच्या वेळी मिळेल.

पुढे स्किनर उंदरांकडून कबुतरांकडे वळले. चार्ल्स फर्स्टर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी बक्षीस देण्याची निरनिराळी वेळापत्रकं तपासली. १९५७ साली आलेल्या त्यांच्या 'शेड्यूल्स ऑफ रीइन्फोर्समेंट' या ग्रंथामागे सुमारे ७०,००० तासांच्या नोंदी आणि अंदाजे २५ कोटी प्रतिसाद होते. त्यातून निवडलेले ९२१ आलेख पुस्तकात आहेत. डेटा सायन्स हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मुख्य वेळापत्रकं चार. सोपं करून सांगतो.

१) ठरावीक संख्येनंतर बक्षीस: दहा नग शिवले की पैसे. माणूस भराभर काम करतो, पैसे मिळाले की जरा दम घेतो.

२) ठरावीक वेळेनंतर बक्षीस: परीक्षा सहा महिन्यांनी. म्हणजे आपण पाच महिने निवांत आणि शेवटी रात्रीचा दिवस. हे कोणाला सांगायला नको.

३) अनिश्चित वेळेनंतर बक्षीस: भरती परीक्षेचा निकाल कधी लागेल माहीत नाही, म्हणून साइट अधूनमधून उघडून बघत राहणं.

४) अनिश्चित संख्येनंतर बक्षीस: जुगाराचं मशीन. कितव्या खेपेला पैसे पडतील ते माहीत नाही, पण पुढचीच खेप ती असू शकते.

या चौथ्या प्रकारात कबुतरं सर्वांत वेगानं आणि जवळजवळ न थांबता टोचत राहतात. जुगारी माणूस खिसा रिकामा होईपर्यंत का उठत नाही, याचं उत्तर त्याच्या स्वभावात शोधू नका, मशीनच्या वेळापत्रकात शोधा, हे स्किनर वारंवार मांडत राहिले.

आता रील्स आठवा. एक बकवास, दुसरी बकवास, तिसरी ठीकठाक, चौथीला पोट धरून हसलो. पाचवी? अंगठा आधीच वर सरकलेला असतो. फीड खाली ओढून सोडलं की क्षणभर चक्र फिरतं आणि मग नवीन काहीतरी येतं किंवा येत नाही. हा चौथा प्रकार आहे. दांडीच्या जागी काच आली, एवढाच फरक.

क्षेपणास्त्रातली कबुतरं आणि कबुतरांच्या अंधश्रद्धा

१९३६ मध्ये स्किनर यांचं लग्न झालं आणि ते मिनेसोटा विद्यापीठात शिकवायला गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एक अचाट कल्पना सरकारपुढे ठेवली. क्षेपणास्त्राच्या टोकात भिंग बसवायचं, समोरचं दृश्य आतल्या पडद्यावर पाडायचं आणि प्रशिक्षित कबुतरानं पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारत राहायची. चोच बाजूला पडली की क्षेपणास्त्र तिकडे वळणार. मिनियापोलिसमध्ये जनरल मिल्स या पिठाच्या कंपनीच्या गिरणीत हे काम चाललं. कबुतरं कामात चोख निघाली, पण अधिकाऱ्यांना हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं आणि १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

या गिरणीत बसूनच त्यांना एक युक्ती सापडली. कबुतराला अवघड काम एकदम शिकवता येत नाही. पण त्या दिशेनं टाकलेल्या अगदी छोट्या पावलालाही लगेच बक्षीस दिलं तर ते हळूहळू पूर्ण काम शिकतं. या पद्धतीनं त्यांनी कबुतराला चोचीनं चेंडू ढकलायला शिकवलं. याला शेपिंग म्हणतात. नवीन अ‍ॅप टाकल्यावर फोटो लावा, पाच मित्र जोडा, प्रोफाइल ऐंशी टक्के पूर्ण, असे टप्पे येतात ना? ते आठवा.

१९४८ मधला त्यांचा आणखी एक प्रयोग. आठ भुकेली कबुतरं, प्रत्येक वेगळ्या पिंजऱ्यात. दर पंधरा सेकंदांनी दाणे मिळणार, कबुतर काहीही करो अथवा न करो. थोड्या वेळानं आठपैकी सहा कबुतरं विचित्र वागायला लागली. एक गोल फिरत राहिलं, एक कोपऱ्यात डोकं खुपसत राहिलं. दाणे पडायच्या वेळी योगायोगानं जे चाललं होतं, त्यानंच दाणे येतात असा जणू त्यांचा समज झाला.

हे वाचताना मला रील्स बनवणारे मित्र आठवतात. संध्याकाळी सात वाजून सात मिनिटांनीच पोस्ट टाकायची, तीसच हॅशटॅग लावायचे, पहिल्या तासात स्टोरीला हात लावायचा नाही. एकदा असं करून व्ह्यूज आले होते ना! अल्गोरिदम आतून दिसत नाही, तेव्हा आपणही पिंजऱ्यात गोल फिरायला लागतो.

पाळणा, अफवा आणि शिकवणारं यंत्र

१९४४ मध्ये स्किनर यांना दुसरी मुलगी झाली. पत्नीचे कष्ट कमी व्हावेत आणि बाळाला कपड्यांच्या थरांत गुंडाळावं लागू नये म्हणून त्यांनी तिच्यासाठी उबदार, हवा खेळती राहील असा, समोर काच असलेला पाळणा बनवला. १९४५ मध्ये एका लोकप्रिय महिला मासिकात त्याबद्दल लेख आला आणि मासिकानं मथळा दिला, खोक्यातलं बाळ या अर्थाचा. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. स्किनर आपल्या मुलीवर उंदरांसारखे प्रयोग करतात, ती वेडी झाली, तिनं बापाला कोर्टात खेचलं, तिनं जीव दिला, अशा एकाहून एक अफवा पसरल्या. यातलं काहीही खरं नव्हतं. मुलगी मोठी होऊन चित्रकार झाली, आणि २००४ मध्ये तिला स्वतः वर्तमानपत्रात लिहून हे सगळं खोटं असल्याचं सांगावं लागलं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नसतानाही एक चटपटीत मथळा साठ वर्षं पुरला.

१९४८ पासून स्किनर पुन्हा हार्वर्डमध्ये होते. १९५३ मध्ये ते याच मुलीच्या चौथीच्या गणिताच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. काही मुलांची गणितं झटकन सुटली होती आणि ती ताटकळत होती. काही अडकून पडली होती. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मात्र कोणालाच लगेच कळत नव्हतं. घरी येऊन त्यांनी शिकवणारं यंत्र बनवायला घेतलं. एक छोटा प्रश्न, मुलानं उत्तर लिहायचं, लगेच निकाल, मग पुढचा प्रश्न. प्रत्येकानं आपापल्या गतीनं जायचं. आज आपण मोबाईलवर भाषा शिकतो त्या अ‍ॅप्समध्ये हीच चाल दिसते.

म्हणजे बघा, तीच तत्त्वं. एका ठिकाणी मूल गणित शिकतं, दुसऱ्या ठिकाणी आपण रात्री दीड वाजेपर्यंत अनोळखी लोकांची भांडणं बघतो. तंत्र एकच, हेतू वेगळा.

टीका आणि शेवटचे दिवस

स्किनर यांच्यावर टीकाही सडकून झाली. १९५७ मध्ये त्यांनी भाषेवर पुस्तक लिहिलं, तर १९५९ मध्ये नोम चॉम्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञानं त्याचं परीक्षण लिहून त्याच्या चिंधड्या उडवल्या. मूल आधी कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, ते फक्त बक्षिसानं कसं जमेल, हा मुद्दा रास्त होता. १९७१ मध्ये 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' आलं तेव्हा तर वादळच उठलं. माणूस पूर्ण स्वतंत्र आहे ही समजूत सोडा, परिस्थितीच त्याला घडवते, तेव्हा ती परिस्थिती विचारपूर्वक रचा, असं त्याचं सार. त्या वर्षी टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा झळकला. माणसाला कबुतर समजणारा माणूस, हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला.

माझ्या मते हा शिक्का अर्धाच खरा आहे. शिक्षेनं माणूस सुधारतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. बक्षिसाचं तंत्र कुणाच्या तरी हातात असणारच, मग ते उघडपणे आणि सगळ्यांच्या भल्यासाठी वापरावं, असा त्यांचा आग्रह होता. पण भलं कशात आहे हे ठरवणार कोण? या प्रश्नाला त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं, आणि आज आपली खरी अडचण तीच आहे.

स्वतःवर मात्र त्यांनी हे तंत्र पुरेपूर वापरलं. घराच्या तळघरात त्यांचं लिहायचं टेबल होतं. टेबलावरचा दिवा लावला की त्याला जोडलेलं घड्याळ चालू, दिवा बंद केला की घड्याळ बंद. बारा तासांचं लिखाण झालं की आलेखावर एक ठिपका. उंदरांसाठी वापरलेली तीच चढती रेघ आता त्यांच्या स्वतःच्या नावाची होती.

१९८९ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. १० ऑगस्ट १९९० रोजी ८६ वर्षांचे स्किनर बोस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या सभेत हातात कागद न घेता बोलले. त्यानंतर आठच दिवसांनी, १८ ऑगस्टला, ते गेले. शेवटच्या लेखाचं काम त्यांनी आदल्या दिवसापर्यंत सोडलं नव्हतं. वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी खुलं व्हायला तेव्हा वर्षभर अवकाश होता.

खोकं खिशात कसं आलं?

२००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं न संपणारं स्क्रोल तयार केलं. पान संपलं की थांबावंसं वाटतं, म्हणून पान संपूच द्यायचं नाही. पुढे आपल्या या शोधाबद्दल त्यानं जाहीरपणे खंत व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि कौतुक मोजता यायला लागलं. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इंस्टाग्रामनं इथे रील्स आणल्या. अंगठ्याला एक दिवस सुट्टी मिळाली नाही!

हे सगळं खरंच उंदराच्या खोक्यासारखं चालतं का? २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात एक संशोधन आलं. ४,००० हून जास्त लोकांच्या दहा लाखांहून जास्त पोस्ट तपासल्या गेल्या. लाइक मिळण्याचा वेग बदलला की लोक पोस्ट टाकण्याचा वेगही त्यानुसार बदलतात, आणि प्राणी बक्षिसातून शिकतात त्याच गणितात हे वागणं बसतं, असं त्यात दिसलं. त्याआधी २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत किशोरवयीन मुलांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून फोटो दाखवले. स्वतःच्या फोटोला जास्त लाइक दिसले की बक्षिसाशी संबंधित मेंदूचा भाग जास्त चेतवला गेला. शिवाय ज्या फोटोला आधीच जास्त लाइक आहेत त्याला मुलंही लाइक द्यायची, मग त्यात धोकादायक वागणं असलं तरी.

आता तब्येतीचं. इथे घाबरवणारे मथळे खूप फिरतात, म्हणून जपून बोलतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ मध्ये मुलांबद्दल अधिकृत सावधगिरीची सूचना काढली. तरीही सोशल मीडियानंच नैराश्य येतं की उदास मुलं जास्त स्क्रोल करतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मोजून केलेला एक मोठा प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. त्यांचा रोजचा सरासरी तासभर वेळ वाचला. मनाला थोडं बरं वाटायला लागलं. फरक छोटा होता, पण खरा होता. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. मुदत संपल्यावरही अनेकांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला.

म्हणजे फोन हे विष नाही. पण रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे पंधरा दिवस, तेही झोप न धरता, अखंड चोवीस तासांचे. एवढा वेळ कोणाला द्यायचा हे आपण ठरवलंय की ठरवून घेतलं गेलंय, प्रश्न एवढाच आहे. ज्यांना यातून खरोखर त्रास होतोय त्यांच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून शट क्लिनिक चालतं. गरज पडली तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका.

मग करायचं काय?

स्किनर यांच्या प्रयोगांतूनच काही गोष्टी थेट मिळतात.

अनिश्चित बक्षीस ठरावीक करा. लाइक आणि कमेंटची नोटिफिकेशन बंद ठेवा आणि दिवसातून दोन ठरलेल्या वेळी बघा. बक्षीस कधी येणार हे पक्कं झालं की मधल्या वेळात हात कमी वळवळतो.

दांडी लांब न्या. अ‍ॅप होम स्क्रीनवरून काढा, दर वेळी लॉगआउट करा, चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. लहान फ्रेडची दारातली पाटी आठवा. निश्चयापेक्षा रचना जास्त टिकते.

पहिले काही दिवस उलटं होईल, ते धरून चाला. बक्षीस अचानक बंद झालं की उंदीर आधी जास्त जोरात, जास्त वेळा दांडी दाबतो आणि मगच थंड पडतो. अ‍ॅप डिलीट केल्यावर दुसऱ्या दिवशी जीव कासावीस होतो तो हाच टप्पा. तुम्ही कमकुवत आहात असं नाही.

फक्त एकदाच बघतो, हे टाळा. मधूनच मिळालेली एक गोळी सवय पुन्हा पक्की करते, हे त्या शनिवारच्या दुपारनंच दाखवलंय.

रिकाम्या जागी दुसरं बक्षीस ठेवा. मित्राला फोन, संध्याकाळचं क्रिकेट, गिटार, काहीही. नुसतं बंद करणं ही शिक्षा झाली, आणि शिक्षेवर स्किनर यांचा भरवसा नव्हता.

आणि शेवटचं म्हणजे स्वतःची रेघ स्वतः काढा. तुमच्या अंगठ्याचा आलेख आज कुठल्यातरी ऑफिसातल्या स्क्रीनवर चालू आहे, आणि तो बघणारे आमच्यासारखे लोक तो वर कसा जाईल याचाच विचार करतात. आमचा पगार त्यावर आहे. तुमचं हित बघणारा आलेख तुम्हालाच ठेवावा लागेल. सुरुवातीला बघितलेला अनलॉकचा आकडा एका वहीत लिहा. उद्याचा त्याखाली लिहा. तळघरातल्या त्या टेबलावर स्किनर एकाच वेळी कबुतरही होते आणि नोंद ठेवणारेही. पंधरा दिवस एवढंच करून बघा.